बार्शी रोडवरून दिसलेले जग

गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. आमच्या कुर्डुवाडीत व्याख्यानाला वक्ता मिळवणे फारसे अवघड नाही. गाव जंक्शनचे, पुण्याहून सोलापूरकडे निघालेला कोणीही विद्वान दोन तासांसाठी खाली उतरवून घेता येतो. पण त्या दिवशीचे वक्ते, इतिहासाचे एक प्राध्यापक, तापाने अंथरुणाला खिळले आणि दुपारी तीन वाजता मंडळाची मुले माझ्या दारात येऊन उभी राहिली. विषय छापून झाला होता : ‘जगाला वळण देणारे क्षण’. “सर, तुम्ही मराठीचे असलात म्हणून काय झालं, बोलता तर येतंच की तुम्हाला,” असे प्रशस्तिपत्र देऊन ती निघून गेलीसुद्धा.

मी आपला कपाटातल्या दोन-चार पुस्तकांचा आधार घेतला आणि संध्याकाळी उभा राहिलो. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतले, १४९२ साली कोलंबस पश्चिमेला निघाला, १७८९ साली पॅरिसच्या लोकांनी बास्तीय फोडला, १९१४ साली साराजेव्होत दोन गोळ्या सुटल्या, १९४५ साली हिरोशिमावर बाँब पडला. साखळी ठरलेली आहे. एकेका कडीवर दहा मिनिटे बोलले की तास निघून जातो. मंडपात चांगली शांतता होती. ती शांतता म्हणजे तल्लीनता असे मी समजत होतो, तेवढ्यात ‘कोणास काही शंका?’ असे रिवाजाप्रमाणे विचारले आणि तिसऱ्या रांगेतून अण्णा उठले.

अण्णा म्हणजे इथल्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, खिशाला पेन. बापजाद्यांपासून रेल्वेत. ते म्हणाले, “सर, ते सतराशे एकोणनव्वद म्हणालात नव्हं का, फ्रान्सचं? त्याच सालचा एक कागद आमच्या घरात हाय.”

मंडप हसला. मीही हसलो. अण्णा मात्र हसले नाहीत. “अक्षर काय लागत न्हाई आम्हाला, मोडी हाय ते. पर आकडा लागतो. सतराशे एकोणनव्वदच हाय. आन् दुसरं विचारायचं म्हंजे, ह्या तुमच्या यादीत कुर्डुवाडी कुठं येती?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले. दुसऱ्याचे देण्यासाठी मला वर्ष लागले, आणि हा लेख म्हणजे ते उत्तर.

एम.ए.च्या वेळी हौसेने मोडी शिकलो होतो. पुढे तिचा उपयोग फारसा झाला नाही, पण ती विसरलोही नाही. सकाळी अण्णा कागद घेऊन आले. जुन्या पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्ड आणि पेन्शनच्या कागदांखाली तो इतकी वर्षे राहिला होता. घडीवर चिरलेला, कडा तपकिरी झालेल्या, वर राणीच्या छापाचा स्टँप. पहिल्या ओळीतच कोडे सुटले : शके १७८९ प्रभवनाम संवत्सरे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे की इसवी सन येतो. म्हणजे १८६७. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा आणि अण्णांच्या डब्याचा काही संबंध नव्हता. मी तसे सांगितले आणि एका वाक्यात मोकळा झालो असे वाटून चहा मागवला.

“पर कागद कशाचा?” अण्णांनी विचारले.

कागद गहाणखताचा होता. अण्णांच्या खापरपणजोबांनी बार्शी तालुक्यातल्या आपल्या गावची जिराईत जमीन दीडशे रुपयांसाठी एका सावकाराला लिहून दिली होती. कारण दोन शब्दांत आले होते : सरकारदेणे आणि घरखर्च. खाली कुळकर्ण्याचा दस्तुर, दोन साक्षी, आणि लिहून देणाऱ्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराचे चित्र काढी. तसे ते काढलेले होते. चार रेघांचा तो नांगर शाईने थोडा फुगलेला होता. अण्णांनी त्यावर बोट ठेवले आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. जमीन गेल्याचे त्यांच्या घरात माहीत होते. ती कशी गेली, हे मात्र माहीत नव्हते.

आता १८६७ हे साल कोणत्याच यादीत नाही, माझ्या तर नव्हतेच. म्हणून त्या साली असे काय घडत होते, हे पाहायला मी मागे मागे जाऊ लागलो आणि जाता जाता थेट अमेरिकेत पोचलो.

१२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंडखोर राज्यांनी फोर्ट सम्टर नावाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि तिथले यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी राहावी की जावी, हा त्या भांडणाचा गाभा. आपल्याकडे हे युद्ध लिंकनच्या चरित्रातला एक धडा म्हणून शिकवतात. पण त्या काळी लँकेशायरच्या गिरण्यांत जो कापूस कातला जाई, त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग याच दक्षिणेतल्या गुलामांच्या हातांनी वेचलेला असे. लिंकनने आठवडाभरातच दक्षिणेची बंदरे रोखण्याचा हुकूम काढला. कापूस अडला. मँचेस्टरच्या गिरण्या थंड पडल्या. लिव्हरपूलच्या बाजारात १८६४ पर्यंत कापसाचा भाव चौपटीच्या आसपास जाऊन पोचला. मग इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना हिंदुस्थानची आठवण झाली.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गिरण्या बंद पडून उपाशी राहिलेल्या मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ सालच्या शेवटच्या दिवशी सभा भरवली आणि लिंकनला पत्र पाठवले : तुम्ही गुलामांच्या बाजूने लढा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. बंदरांची नाकेबंदी उठवा असे त्यांनी म्हटले असते, तर कोणी दोष दिला नसता. लिंकनने त्यांना पुढच्याच महिन्यात कृतज्ञतेने उत्तर धाडले. जगाच्या इतिहासात अशी पत्रे थोडी.

आता आपल्या बाजूला काय होते? जी.आय.पी. रेल्वेची गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पुण्याहून पूर्वेकडे निघालेला रूळ १८५९ मध्ये एका उघड्या माळावर येऊन थांबला, हे कोणाला ठाऊक नसते. तिथून बार्शीचा कापूसबाजार वीसेक मैल, म्हणून स्टेशनाला नाव मिळाले बार्शी रोड. तेच आजचे कुर्डुवाडी. पुढच्या वर्षी रूळ मोहोळवरून सोलापूरला पोचला. म्हणजे अमेरिकेत तोफ उडाली, त्याच्या आधी दीड-दोन वर्षेच आमच्या माळावर रूळ आला होता. बोरघाट मात्र अजून पुरा व्हायचा होता. हजारो मजूर तिथे खपत होते आणि कित्येक पटकीने मरतही होते. तो १८६३ मध्ये खुला झाला आणि दख्खनचा कापूस मुंबईच्या धक्क्यापर्यंत सलग रुळांवरून जाऊ लागला. भाव चढलेले असताना वाटही उघडली.

तो पैसा कुठे गेला, याच्या कथा पुष्कळ आहेत. मुंबईत प्रेमचंद रायचंद आणि त्यांच्या भोवतालच्या मंडळींनी समुद्र बुजवण्याच्या कंपन्या काढल्या, शेअरबाजार पेटला. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर हे त्या कापसाच्या पैशाचे आज उभे असलेले स्मारक. वऱ्हाडाकडे बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याचे सांगतात. आमच्या बाजूला चांदीच्या धावा बसल्या असतील असे मला वाटत नाही. पण सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागला, एवढे खरे. दोन खंडी कापूस पिकवणाऱ्या माणसाची पत अचानक वाढली होती. लग्ने थाटात झाली, विहिरी खणल्या गेल्या, काहींनी नवी बैलजोडी घेतली. कर्ज काढणारा मूर्ख नव्हता. भाव चार वर्षे टिकला होता. पाचव्या वर्षी तो टिकणार नाही, हे सांगायला त्याच्याजवळ कोण होते?

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स नावाच्या खेड्यात जनरल ली शरण आला. युद्ध संपले. गुलामांच्या बेड्या तुटल्या. मानवजातीच्या इतिहासातला हा एक उजळ दिवस, आणि त्याला तसे म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. पण अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे दिसताच मुंबईचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा शेअरच्या सौद्यांचा हिशेबाचा दिवस. त्या दिवशी मुंबईतल्या बड्या पेढ्या एकामागून एक बसल्या. ते सगळे नावनिशीवार लिहिलेले आहे, दिनशा वाच्छांनी त्यावर एक सबंध पुस्तक केले आहे. बार्शी तालुक्यातला कुणबी कसा बसला, यावर पुस्तक नाही. त्याचे लेखी पुरावे आहेत ते अण्णांच्या डब्यातल्यासारखे.

त्यातच जमीनमहसुलाची तीस वर्षांची मुदत संपत आली होती. १८६७ मध्ये शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून नवी आकारणी सुरू झाली, ती चढत्या भावांच्या दिवसांकडे पाहून ठरवलेली. भाव उतरले आणि सारा चढला. आमच्या नांगराच्या निशाणीमागे हेच कारण होते असे मी शपथेवर सांगणार नाही. कागदात ‘सरकारदेणे’ एवढेच लिहिले आहे. पण साल तेच आहे.

पुढचे अनेक वाचकांना माहीत असेल. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. नवल हे की माणसांना इजा अगदी थोडी झाली. लोकांना हवे होते ते कागद : खते, रोखे, वह्या. ते रस्त्यात आणून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. १७८९ मध्ये पॅरिसच्या लोकांनी तुरुंग फोडला. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी जहागीरदारांच्या वाड्यांत घुसून हक्कांचे दस्तऐवज जाळले होते. सुप्याच्या माणसांनी फ्रान्सचे नावही ऐकलेले नसणार. आणि मी त्या दिवशी मंडपात पॅरिसवर दहा मिनिटे बोललो, सुप्यावर एक वाक्यही बोललो नाही. हे मला पुढे फार लागले.

सरकारने चौकशी नेमली. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला आणि तो पुणे, नगर, सातारा यांच्याबरोबर सोलापूर जिल्ह्यालाही लागू झाला. रोख्यावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती आणि व्याज किती हे पाहण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. पण अण्णांच्या घराला तोवर उशीर झाला होता. मध्ये १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला होता. त्यात जे गाव सोडून गेले ते परत फिरले नाहीत.

हे सारे मी अण्णांना चार-पाच बैठकींत सांगितले. ते शांतपणे ऐकत. एकदा म्हणाले, “म्हंजे तिकडं गुलाम सुटला आन् हिकडं आमचा म्हातारा अडकला.”

मी म्हणालो, “अण्णा, असं म्हणू नका. गुलाम सुटला म्हणून तुमचे आजे अडकले नाहीत. अडकले ते भाव कोण ठरवतो हे न कळल्यामुळे.”

“तेच की वो,” अण्णा म्हणाले. मला अजूनही नक्की वाटत नाही की आम्ही दोघे एकच गोष्ट म्हणत होतो.

गाव सुटलेल्या या घराला भाकरी दिली ती पुन्हा रुळाने. इथे आमच्या गावाचा खरा इतिहास सुरू होतो, आणि त्यात एक इंग्रज गृहस्थ येतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे जी.आय.पी. रेल्वेत १८८२ साली लोको इन्स्पेक्टर म्हणून आले. मोठ्या लाईनीला लहान लाईनी जोडल्या तर आतल्या बाजारपेठांचे भले होईल, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. कंपनीला तो पटला नाही. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घालून १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही २१ मैलांची छोटी लाईन सुरू झाली. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट.

अण्णांचे पणजोबा या लाईनीच्या मातीकामावर होते. आजोबा आणि वडील कारखान्यात. त्यामुळे कॅलथ्रॉपसाहेबाची करामत मला पुस्तकातून समजली नाही ती अण्णांनी चहाच्या कपबश्या मांडून समजावली. रूळ दबतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, एकेका आसावर किती भार येतो त्याने. तेव्हा इंजिन असो, डबा असो की वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, असा साहेबाने नियमच बांधला. लीड्सच्या किटसन कारखान्यात त्याने एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची इंजिने करवून घेतली, म्हणजे भार वाटला जाईल. मग यार्डाला अवघ्या तीस पौंड वजनाच्या हलक्या रुळावरून भरपूर माल वाहता येऊ लागला. हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरती लाईन टाकून त्याने हे सगळे जाणकारांना चालवून दाखवले होते. जगभरच्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या इतिहासात बार्शी लाईटचे नाव आदराने घेतात ते या पाच टनांसाठी. इंग्लंडात स्टॅफर्डशरच्या डोंगरात १९०४ मध्ये जी छोटी लाईन निघाली, ती याच साहेबाने बार्शीच्या धर्तीवर बांधली. आमच्या गावाकडून विलायतेला गेलेली ही एक विद्या. उलट दिशेची उदाहरणे देण्याची आपल्याला इतकी सवय आहे की हे मुद्दाम सांगावे लागते.

लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण २०२ मैल. कंपनीचा कारखाना कुर्डुवाडीस. कापसाकरता काढलेल्या या गाडीला आषाढी-कार्तिकीत वारकऱ्यांनी आपले करून टाकले. धावत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येई ही थट्टा लोक प्रत्येक छोट्या गाडीबद्दल करतात. आमच्या गाडीबद्दलही करीत. अण्णांना ती आवडत नाही.

आता या साहेबाची दुसरी कथा. चार्ल्स रोल्स (रोल्स-रॉइस मोटारीतले रोल्स ते हेच) हे कॅलथ्रॉपचे स्नेही. जुलै १९१० मध्ये बोर्नमथ येथे त्यांचे विमान हवेत मोडले आणि ते गेले. कॅलथ्रॉपने रेल्वेचे काम बाजूला ठेवून विमानातून उडी घेणाऱ्यासाठी हवाई छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला. ती त्याने सिद्ध केली; नाव ठेवले ‘गार्डियन एंजल’, म्हणजे पाठराखा देवदूत. पुढे साराजेव्होच्या दोन गोळ्या सुटल्या आणि महायुद्ध पेटले. कापडाची आणि लाकडाची विमाने जळत खाली येऊ लागली. छत्री तयार होती. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून ऑर्ड-लीस नावाच्या अधिकाऱ्याने ती बांधून थेम्समध्ये उडी घेऊन दाखवली. एवढ्या कमी उंचीवरून ती उघडते, याहून मोठा पुरावा कोणता हवा? तरीही ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना ती युद्ध संपेपर्यंत मिळाली नाही. वजन, जागा, असली कारणे दिली गेली. सुटकेचे साधन हाती असले तर वैमानिक लढण्याऐवजी उडी टाकील, अशीही भीती वरिष्ठांना वाटत होती असे सांगतात. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला मात्र ती वापरली. जर्मनांनी १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना छत्र्या दिल्या.

साराजेव्होतल्या गोळ्या हा जगाला वळण देणारा क्षण, हे मी व्याख्यानात ठणकावून सांगितले होते. पण कोण्या कचेरीत, कोण्या टेबलावर, ‘छत्री नको’ असा शेरा मारला गेला तोही एक क्षणच होता, आणि तो क्षण ज्यांच्या वाट्याला आला त्यांना वळण घ्यायला वेळही मिळाला नाही. कॅलथ्रॉप १९२७ मध्ये वारला. त्याच साली त्याची लाईन मिरजेला पोचली. जाता जाता त्याने अरबी घोड्यांना न मारता शिकवण्यावर एक पुस्तकही लिहिले होते. असा माणूस आमच्या माळावर उन्हातान्हात फिरला आणि त्याच्या नावाची एक गल्लीसुद्धा गावात नाही, याचे मला वाईट वाटते. अण्णांना वाटत नाही. “त्यानं पाच टनाचं वझं चाकाचाकावर वाटलं, ते बरं केलं,” ते म्हणतात, “पर पगार इंग्लंडला नेला.” कंपनी लंडनची होती, हे खरेच आहे. १९५४ मध्ये ती भारत सरकारने घेतली.

१९४८ चा हैदराबादचा प्रश्न मी इथे नुसता ओलांडून जातो. बार्शीच्या पुढे ही गाडी निजामाच्या राज्यात शिरत असे आणि सोलापूरहून सैन्य १३ सप्टेंबरला नळदुर्गाकडे निघाले. त्या दिवसांच्या आठवणी सांगणारी घरे या पट्ट्यात अजून आहेत, आणि तो स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या मामांची द्राक्षबाग आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईचा माल आफ्रिकेला वळसा न घालता युरोपात जाऊ लागला, असे मी बोलण्याच्या ओघात सांगितले, तर ती म्हणाली, “सर, आमच्या मामांची द्राक्षं वळसा घालूनच गेली की!” खरेच होते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात युरोपला जाणारी महाराष्ट्रातली द्राक्षे आशा भूशिराला वळसा घालून गेली. भाडे वाढले, दिवस वाढले. त्याआधी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि खतांच्या किमती चढल्या. मामांना मात्र येमेन कुठे आहे हे माहीत होते. रोज रात्री ते मोबाईलवर जहाज कुठवर आले ते पाहत. नांगराची निशाणी करणाऱ्या माणसापेक्षा त्यांचे हे एक पाऊल पुढे. पण जहाज दिसत होते म्हणून ते लवकर पोचले, असे काही झाले नाही.

छोटी गाडी आता नाही. या शतकाच्या सुरुवातीपासून टप्प्याटप्प्याने सगळी लाईन मोठी झाली. बार्शी-लातूरकडचा रूळ २००८ मध्ये रुंद झाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून टँकरच्या वाघिणींची गाडी निघाली. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर : बार्शी लाईटचा सबंध मार्ग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती लातूरला पोचली त्या दिवशी तारीख होती १२ एप्रिल. फोर्ट सम्टरचीच. तारखा जुळण्याला काही अर्थ नसतो हे मला कळते. पण वहीत ते साल त्या सालाशेजारी लिहून ठेवले आहे.

ती गाडी रात्री आमच्या स्टेशनातून गेली, तेव्हा अण्णा फलाटावर होते. निवृत्तीनंतरही गाडी पाहायला जायची त्यांची सवय आहे. ते म्हणाले, “वाघिणी मोजल्या. धा होत्या. आमच्या आज्यानं माती टाकलेली वाट ती. कापूस बघितला, साखर बघितली, वारकरी बघितलं. पाणी पहिल्यांदा बघितलं.”

कागदाची देवनागरी नक्कल मी त्यांना स्वच्छ अक्षरात करून दिली. देताना मूळ कागद उलटून पाहिला, तर मागच्या बाजूला फेडीच्या नोंदी होत्या, त्या आधी माझ्या लक्षात आल्या नव्हत्या. शके १७९० मध्ये बारा रुपये. १७९१ मध्ये नऊ. १७९३ मध्ये चार रुपये आणि एक पायली ज्वारी. त्याच्या खाली काही नाही.

अण्णांनी त्या नोंदीही नकलेत उतरवून घ्यायला सांगितल्या. मी उतरवल्या. “ज्वारी लिहिली का?” त्यांनी विचारले. लिहिली होती. मग त्यांनी दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आणि साडेपाचच्या गाडीची वेळ झाली म्हणून ते स्टेशनाकडे निघाले.